एका शेंगेएवढा विराम

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर दिसतं एक हिरवं कापड. भिंतभर ताणलेलं, उजव्या कोपऱ्यात जरा सैल पडलेलं. दोन बाजूंना दोन दिवे, मधे तिपायावर कॅमेरा. खोली बेळगावातल्या एका कॉलेजची. पूर्वी इथं खेळाचं सामान ठेवत, त्यामुळं अजूनही चामड्याच्या चेंडूंचा वास येतो. हिरव्या कापडासमोर आमची लतिका उभी. अंगात गर्द जांभळं इरकल, हातात खडू, आणि खडू टेकवायला फळा मात्र कुठंच नाही. प्रेक्षक दोन. कॅमेऱ्यामागं साईराज, म्हणजे कॉलेजचं चित्रीकरण सांभाळणारा गडी, आणि दाराजवळच्या स्टुलावर मी.

साईराजनं बोट वर केलं आणि लतिका बोलायला लागली.

"धान्याचं पोतं बाजारात उतरलं की अडत्या काय करतो? सगळं पोतं ओतून बघतो काय? न्हाय. मूठभर काढतो, तळहातावर पसरतो आणि बघतो. त्या मुठीला आपण म्हणायचं नमुना. आता मला सांगा, ती मूठ दरवेळी पोत्याच्या तोंडातनंच घेतली, तर काय बिघडलं?"

आणि ती थांबली.

थांबली ती थांबलीच. चेहऱ्यावर हसू, मान जराशी पुढं, भुवया वर. साईराजनं आधी माझ्याकडं बघितलं, मग कॅमेऱ्यात बघितलं, आणि शेवटी दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, पुढं बोला."

"कुणी सांगितलंच न्हाय की अजून!"

"कोण सांगणार, मॅडम? खोलीत आपण तिघंच आहोत."

"मग तू सांग."

"मला संख्याशास्त्र आलं असतं तर मी कॅमेऱ्याच्या ह्या बाजूला कशाला उभा राहिलो असतो?"

मी स्टुलावरून मोठ्यानं हसलो, आणि ते चित्रीकरण वाया गेलं.

लतिका कडोलकर आमच्या गल्लीतली. ती परकर सावरत शाळेला जायची तेव्हापासून मी तिला बघतोय. मी तेव्हा नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरायचो. महिना-दोन महिन्यांनी घरी आलो की हीच पोर आधी दारात यायची आणि विचारायची, "आप्पा, ह्या वेळी राजा झालात का शिपाई?" बहुतेक वेळा मी शिपाईच असायचो, पण ती असं विचारायची की शिपाई होणंसुद्धा मोठं वाटायचं.

तिचे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गल्लीच्या कट्ट्यावर पोरांना गोष्टी सांगायचे. त्यांची एक अट होती. "राजा घोड्यावर बसला," असं म्हणून ते थांबायचे. पोरांतून कुणी "हूं" म्हटलं की राजा निघायचा. कुणी नाही म्हटलं तर राजा तिथंच, घोड्यावर. एकदा सगळी पोरं बोरं खाण्यात दंग होती. तात्यांनी वाट बघितली, धोतर झटकलं आणि घरात निघून गेले. राजकन्या राक्षसाच्या गुहेत अडकून पडली ती दुसऱ्या दिवसापर्यंत. लतिका त्या दिवशी जेवली नाही म्हणे. राजकन्या उपाशी असताना आपण कसं जेवायचं, असं तिचं म्हणणं. त्यानंतर गल्लीत तिच्याइतका खणखणीत "हूं" कुणाचा नव्हता.

पुढं ती संख्याशास्त्र शिकली, कॉलेजात शिकवायला लागली, आणि तात्यांची अट बरोबर घेऊन गेली. फळ्यावर इंग्रजी, तोंडात मराठी, आणि कुणी कन्नड शाळेतून आलेलं पोर बसलेलं असलं तर तेच वाक्य पुन्हा कन्नडात. प्रश्न विचारायची आणि थांबायची. उत्तर चुकलं तरी चालेल, पण यायला पाहिजे. वर्ग गप्प बसला तर तीही गप्प. तिची मुलं सांगतात, टीचर एकदा इतका वेळ थांबल्या की शेवटी शिपाईमामानं दारातून उत्तर दिलं. चुकीचं दिलं, पण टीचरनी त्याचेही आभार मानले आणि पुढं गेल्या.

तिचा जीव सायंकाळच्या वर्गात अडकलेला. ही सगळी कामावर जाणारी मंडळी. कुणी फाउंड्रीत, कुणी कापडाच्या दुकानात, कुणी कोर्टात वकिलाच्या हाताखाली. दिवसा नोकरी, संध्याकाळी बी.कॉम. पण पाळ्या बदलायच्या, गावाकडची बस चुकायची, आणि वर्ग निम्मा रिकामा राहायचा. त्यात संख्याशास्त्राचा निकाल सर्वांत वाईट. शेवटी कॉलेजनं ठरवलं की तासांचे व्हिडिओ करायचे. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्यानं मोबाइलवर बघायचे, आणि रविवारी एकदा सगळ्यांनी शंका विचारायला जमायचं. प्राचार्यांनी तिला बोलावून नीट समजावून सांगितलं, "कडोलकर मॅडम, ह्या परीक्षेत निकाल सुधारला तर वर्ग ठेवू. नाहीतर जूनपासून सायंकाळचा वर्ग बंद. सगळ्यांनी दिवसाच्या वर्गात यायचं."

दिवसाच्या वर्गात यायचं म्हणजे नोकरी सोडायची. म्हणजे शिक्षण सोडायचं. हे प्राचार्यांनाही ठाऊक होतं आणि लतिकालाही.

म्हणून ती माझ्याकडं आली होती. "आप्पा, तुम्ही जन्मभर लोकांसमोर उभं राहिलात. मला उभं राहायला शिकवा." मी मोठ्या उत्साहानं गेलो आणि मी शिकवलेलं सगळं चुकीचं निघालं. मी म्हटलं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेक. तिनं फेकला, आणि साईराज कानावरचं यंत्र काढून ओरडला, "आप्पा, शेवटची रांग इथं माझ्या कानात आहे!" मी म्हटलं, हात मोकळे सोड. ते चौकटीच्या बाहेर गेले.

पण खरी अडचण ते थांबणंच होती. साईराजनं त्यावर तोड काढली. "मॅडम, तुम्ही पाहिजे तेवढं थांबा. मी नंतर ते सगळं कापून टाकतो." आणि त्यानं कापलं. प्रश्न संपला की लगेच उत्तर, उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न. कुठंही श्वास नाही. व्हिडिओ बघितला तर बसस्टँडवरची गाड्यांची घोषणा ऐकल्यासारखं वाटलं. दिसायला झकपक, आणि लतिका त्यात नव्हतीच.

दोन-तीन आठवड्यांनी साईराजनं तिला एक आलेख दाखवला. व्हिडिओ कोण कुठंपर्यंत बघतं, ते त्यातून कळतं म्हणे. सुरुवातीला रेघ उंच, आणि लगेच धाडकन खाली. संख्याशास्त्राची बाई, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो आलेख तिनं मलाही दाखवला. मी म्हटलं, "हे तर मध्यंतरानंतरचं थेटर दिसतंय."

"मध्यंतराआधीचंच आहे, आप्पा," ती म्हणाली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिचा चेहरा मला उतरलेला दिसला.

रविवारी तिनं वर्गात सरळ विचारलं, व्हिडिओ का बघत नाही. सगळे बाकाकडं बघत बसले. ती थांबली. अखेर उचगावचा भरमू उठला. हा फाउंड्रीत कामाला, शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर पुन्हा शिकायला आलेला, लग्न झालेला बाप्या. येताना शेतातल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आला होता, टीचरसाठी.

"टीचर, रागाला येऊ नगा. त्या व्हिडिओत तुमी हाईसा, पर तुमी आमाला शिकवत न्हाईसा. दुसऱ्याच कुनाला तरी शिकवतासा आनि आमी खिडकीतनं बघतोय, असं वाटतंय. इचारतासा, आनि आमी तोंड उघडायच्या आत तुमीच सांगतासा. मग आमी कशाला पायजे?"

लतिका म्हणाली, "बस राजा. बरोबर बोललास."

दुसऱ्या दिवशी तिनं साईराजला बजावलं की एकही विराम कापायचा नाही. साईराज म्हणाला, "मॅडम, लोकांना वाटेल मोबाइल अडकला." ती म्हणाली, "माझी मुलं आहेत, त्यांना कळेल."

मुलांना काही कळलं नाही. व्हिडिओ चढला, आणि तिच्या फोनवर निरोपांचा पाऊस. टीचर, व्हिडिओ अडकलाय. टीचर, तुमचा फोटोच दिसतोय. गुंजीची तेजस्वी, जी रोज रेल्वेनं बेळगावच्या एका दुकानात कामाला येते, तिनं तर फोन बंद करून पुन्हा चालू केला, मग भावाचा फोन घेतला, आणि शेवटी घरच्यांनी नेट कंपनीच्या नावानं बोटं मोडली. इकडं पडद्यावर लतिका हसऱ्या चेहऱ्यानं, भुवया वर करून, उत्तराची वाट बघत उभी.

साईराजनं नुसतं कॅमेऱ्यावर झाकण चढवलं. न बोलता माणूस किती बोलतो ते मी नाटकात बघितलेलं आहे.

त्या दिवशी लतिका आमच्याकडं आली, भरमूनं दिलेली शेंगांची पिशवी घेऊन. मी चहा टाकला. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही लोक रंगमंचावर गप्प उभे राहायचात तेव्हा लोकांना वाटायचं नाही का, हा वाक्य विसरला म्हणून?"

मला आमच्या कंपनीतले एक थोर नट आठवले. निपाणीचा मुक्काम. समोर तंबाखूच्या वखारीतून थेट आलेल्या बायाबापड्या, दिवसभर राबून आलेल्या, पण जाग्या अशा की नट चुकला तर खालून वाक्य सांगतील. हे नट सावकाराच्या भूमिकेत. गरिबाचं पोर विचारतं, "माझं घर परत देणार का?" आणि हे गप्प. नुसते गप्प नाहीत, खिशातून अडकित्ता काढायचे, सुपारी धरायचे, आणि सावकाश दाबायचे. कट्. त्या आवाजापर्यंत थेटरात कुणी खोकायचं नाही. एकदा पुढच्या रांगेतली एक बाई उठून ओरडली होती, "दे की रं मुडद्या!" ते नट आम्हाला सांगायचे, विरामात तोंड बंद ठेवायचं, हात नाही. हात चालू असला की लोकांना कळतं, गोष्ट चालू आहे.

मी हे सगळं तिला हातवारे करून सांगितलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता पिशवीतली एक शेंग काढून तिनं फोडली. कट्.

ती त्या शेंगेकडं बघत राहिली. आत दोन दाणे. दुसरी फोडली. तीन. तिसरी पोचट निघाली. चहा निवत होता.

"आप्पा," ती म्हणाली, "अहो, हे तर सगळं सिलॅबस ह्या पिशवीत आहे."

आणि चहा तसाच टाकून, पिशवी घेऊन गेली.

पुढचा प्रयोग मी स्टुलावर बसून बघितला. हिरव्या कापडासमोर आता टेबल आणि खुर्ची, टेबलावर सूप, सुपात शेंगा. "तुम्ही पण, घरात असतील तर, चार शेंगा घेऊन बसा," तिनं सुरुवातीलाच सांगितलं. "मी इचारलं की मी एक फोडणार, तुम्ही एक फोडायची. फोडून होईस्तोवर विचार करायचा. आत किती दाणे निघाले ते व्हिडिओखाली लिहायचं. आता सांगा, ह्या शेंगेत किती असतील?" आणि ती थांबली. शेंग हातात फिरवली, दाबली. कट्.

साईराज कानावर हात ठेवून उभा राहिला. "मॅडम, फटाका फुटल्यासारखा आवाज येतोय!" मग त्यानं स्वतःच ऐकून बघितलं, जरा विचार केला, आणि माइक सुपाच्या अजून जवळ सरकवला. त्या क्षणापासून तो आमच्या कंपनीत आला असं मी धरतो.

त्यानंतर काय झालं ते सांगताना मला अजून गंमत वाटते. व्हिडिओखाली उत्तरं यायला लागली. टीचर, दोन. टीचर, दोन. टीचर, तीन. टीचर, पोचट. टीचर, आईनं शेंगा चटणीला घेतल्या, उद्या सांगते. लतिका ती सगळी उत्तरं गोळा करायची आणि पुढच्या व्हिडिओत त्यांचाच आलेख काढायची. सरासरी काय, बहुतेक शेंगांत किती दाणे, पोचट शेंगा मोजायच्या का सोडायच्या. आता ती आकडेवारी पुस्तकातली राहिली नव्हती, ती भरमूच्या आणि तेजस्वीच्या हातातली होती.

मग गाव गावाला भिडलं. तेजस्वीनं लिहिलं, आमच्या गुंजीच्या शेंगा उचगावपेक्षा भरलेल्या. भरमूनं लगेच उत्तर दिलं, गुंजीत शेंगा कवा पिकतात, तिथं आमी फकस्त पाऊस बघितलाय. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून ओळीनं आकडे. तीन, तीन, तीन, तीन. पुढच्या व्हिडिओत लतिका कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "भरमू, राजा, मूठ पोत्याच्या तोंडातनंच घेतलीस की!" सगळा वर्ग हसून लोळला असणार. नमुना कसा घ्यायचा आणि कसा घेऊ नये, हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते कायमचं.

वर्गात "हा प्रश्न किती कठीण आहे, टीचर?" असं कुणी विचारलं तर उत्तर यायचं, "तीन शेंगांचा."

साईराजनं नवा आलेख आणून दाखवला. रेघ आता खाली कोसळत नव्हती. उलट काही ठिकाणी चक्क वर उडी मारत होती. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "आप्पा, इथं पोरं मागं जाऊन तेच परत बघतात." मी त्या रेघेकडं बघतच राहिलो. आमच्या वेळी एखादं पद रंगलं की प्रेक्षक "वन्स मोअर" ओरडायचे आणि गायक पुन्हा पहिल्यापासून गायचा. ती दाद मला अख्ख्या आयुष्यात एकदाच मिळाली, तीही माझ्या मिशा निसटल्या तेव्हा. आणि इथं ही पोरगी, एका खोलीत बसून, प्रमाण विचलनाच्या धड्याला वन्स मोअर घेत होती!

एक दिवस प्राचार्य आले. त्यांच्या कानावर गेलं होतं की कॉलेजच्या व्हिडिओत बाई शेंगा खातात.

"कडोलकर मॅडम, हे लेक्चर आहे का सहल?"

लतिकानं सूप पुढं केलं. "सर, एक फोडून बघा."

प्राचार्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि फोडली. "दोन."

"आता पुढच्या शेंगेत किती निघतील, सर?"

"ते आधी कसं सांगणार?"

लतिका थांबली. भुवया वर. प्राचार्यांनी दुसरी शेंग उचलली, दाबता दाबता थबकले, आणि हळूच म्हणाले, "बहुतेक दोनच. पण खात्रीनं न्हाय."

"बस्स, सर. हेच शिकवतेय."

प्राचार्य हसले. "निकाल बघू," एवढंच म्हणाले. जाताना सुपातली मूठभर घेऊन गेले. साईराज म्हणतो, वरच्या वरची घेतली.

परीक्षा झाली. मग निकालाची वाट बघणं. लतिका एरवी कुणाच्याही उत्तरासाठी हसऱ्या चेहऱ्यानं थांबणारी, पण ह्या वेळी तिला ते जमेना. दिवसातून दोनदा यायची, चहा प्यायची नाही, माझ्या जुन्या फोटोंना उगाच सरळ करायची. "आप्पा, निकाल नाही लागला मनासारखा तर त्या पोरांनी कुठं जायचं हो?" मी नुसता शेंगांचं ताट पुढं सरकवायचो.

आणि मग परवा दुपारी तिची स्कूटर गल्लीत आली ती हॉर्न वाजवतच. गाडी धड उभीही केली नाही. ज्या कट्ट्यावर तात्या बसायचे त्याच कट्ट्यावर मी ऊन खात बसलो होतो. ती शेजारी बसली, पर्स मांडीवर ठेवली, आणि एका दमात सांगायला लागली.

"आप्पा, वर्ग राहिला! प्राचार्यांनी स्वतः बोलावून सांगितलं. एवढा निकाल सायंकाळच्या वर्गाचा कधीच लागला नव्हता म्हणे. जूनला नवीन प्रवेश घेणार. तेजस्वीला सगळ्यांत जास्त मार्क, आता गुंजीच्या शेंगांची थोरवी ती मला ऐकवल्याशिवाय राहायची न्हाय. आणि भरमू. आप्पा, भरमू पास झाला. कामावरनं तसाच आलता, हाताला काळं लागलेलं. निकाल बघितला आणि बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी मागं गेले. तो वळला, आणि मला म्हणाला..."

ती थांबली.

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पाठ म्हटली, पण त्या वेळी माझं वाक्य कुठलं तेच आठवेना. मी नुसता तिच्याकडं बघत बसलो, डोळे भरून आलेले. लतिका मान पुढं करून, भुवया वर करून, हसत हसत माझी वाट बघत होती. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हलकेच चापट मारली.

"आप्पा, हूं म्हणा की वो! त्याशिवाय मी पुढं सांगायची न्हाय."